निष्पत्तीचं नाव घ्यायचं आणि सरासरी काढायची, हे बंद करा

आज एक निकालपत्रक बघितलं आणि तेव्हापासून डोकं तापलंय. वर ठळक अक्षरांत 'अध्ययन निष्पत्तीनुसार मूल्यमापन', खाली गुणांचे सहा रकाने आणि त्यांच्यापुढे सरासरीचा एक. निष्पत्ती म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय करता यायला हवं ते. अहो, सरासरीच काढायची होती तर निष्पत्तीचं नाव कशाला घेतलंत?

घटक अपूर्णांकांची बेरीज. एका मुलीचे दहापैकी गुण असे: २, ३, ५, ०, ९, ९. साठपैकी २८, म्हणजे ४७ टक्के, श्रेणी क. तिच्या खालच्याच ओळीत एक मुलगा: ५, ५, ५, ५, ५, ५. पन्नास टक्के, श्रेणी ब.

उत्तरपत्रिका सोबतच होत्या. मुलीच्या पहिल्या चाचणीत २/३ + ३/४ = ५/७. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. ही चूक जगभरच्या वर्गांत सापडते. यात ५/७ हे उत्तर ३/४ पेक्षाही लहान आहे, म्हणजे बेरीज करून संख्या घटली, आणि हे तेव्हा तिच्या लक्षात आलेलं नाही. शेवटच्या चाचणीत तसंच उदाहरण: लसावि १२, ८/१२ + ९/१२ = १७/१२. बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय, 'दोन्ही अर्ध्यापेक्षा मोठे, म्हणून १ च्या वर हवं'. ही मुलगी नुसती बेरीज शिकलेली नाही, स्वतःचं उत्तर तपासायलाही शिकली आहे. तिला क.

आणि त्या मुलाच्या पत्रिका बघा. दर वेळी दहा उदाहरणं, पाच समच्छेद, पाच भिन्नच्छेद. सहाही वेळा समच्छेद पाचच्या पाच बरोबर आणि भिन्नच्छेद पाचच्या पाच चूक. छेद सारखे दिसले की त्याला नियम आठवतो, वेगळे दिसले की अंशात अंश, छेदात छेद. त्याचं शिकणं पहिल्या चाचणीपाशीच थांबलंय आणि कोणाला पत्ता नाही, कारण ५ हा आकडा दिसायला बरा दिसतो. त्याच्यावर तर मुलीपेक्षाही जास्त अन्याय झालाय. तिला निदान बेरीज येते.

आता मुलीच्या चौथ्या रकान्यातला तो शून्य. तो घरच्या अभ्यासाचा. वही वेळेत दिली नाही म्हणून शून्य. बरं, वेळेत काम देणं महत्त्वाचं आहे, मान्य. पण तो शून्य अपूर्णांकांच्या रकान्यात का? त्या शून्यातून तिला बेरीज येते की नाही याबद्दल काय कळलं? शून्य सरासरीत घुसला की किती खेचतो तेही बघा. दहापैकी शून्य मिळाल्यावर सरासरी ८ वर आणायची तर त्यानंतर लागोपाठ चार वेळा पैकीच्या पैकी मिळवावे लागतात. एका वहीसाठी! अक्षर, नीटनेटकेपणा, हजेरी, वेळेवर काम, या सगळ्याची नोंद जरूर करा, पण वेगळ्या रकान्यात. नाहीतर गणिताच्या गुणांत गणित किती आणि शिस्त किती, हे खुद्द शिक्षकालाही सांगता येणार नाही.

निष्पत्तीवर आधारित मूल्यमापनाचा गाभा अगदी सोपा आहे. शेवटी मुलाला काय करता यायला हवं ते आधी ठरवायचं, ते आलं का ते बघायचं आणि नाही आलं तर परत शिकवून परत बघायचं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ साली प्रभुत्व अध्ययनाबद्दल लिहिलं तेव्हा म्हणणं हेच होतं की वेळ कमीजास्त होऊ द्या, शिकणं पक्कं व्हायला हवं. आपण उलट करतो. वेळ सगळ्यांना सारखा, आणि शिकणं ज्याचं त्याने बघून घ्यावं.

म्हणून पहिली गोष्ट, निष्पत्ती लिहिताना अंग चोरू नका. 'अपूर्णांक समजतो' ही निष्पत्तीच नव्हे. समजतो हे दिसणार कसं? 'भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज करतो आणि उत्तर वाजवी आहे का ते सांगतो', हे दिसतं, तपासता येतं. एका विषयाला एका सत्रात अशा पाच-सहा पुरेत. चाळीस लिहिल्यात तर एकीकडेही धड लक्ष जात नाही आणि शिक्षक शेवटच्या आठवड्यात बसून बरोबरच्या खुणा मारत सुटतो.

मग पातळ्या. 'कधी कधी करतो', 'बऱ्याचदा करतो', 'नेहमी करतो' असल्या पातळ्या फाडून टाका, त्यांतून कोणाला काही कळत नाही. पातळी कामातून लिहायची. याच निष्पत्तीचं घ्या. चित्राच्या किंवा कागदी पट्ट्यांच्या आधाराने समच्छेद बेरीज जमते ती पहिली. समच्छेद स्वतःहून जमते, आणि १/२ + ३/८ सारखी, जिथे एक छेद दुसऱ्याच्या पटीत आहे, तीही जमते, ती दुसरी. २/३ + ३/४ सारखी कुठलीही दोन अपूर्णांकांची बेरीज जमते ती तिसरी. आणि न सांगता अंदाजाने पडताळा घेतो, शाब्दिक उदाहरणात वापरतो, दुसऱ्याने लिहिलेलं ५/७ का चूक ते समजावून सांगतो, ती चौथी. आता तो मुलगा बघा. पहिली पातळी पार, दुसरीत अडकलेला. सममूल्य अपूर्णांक पक्के नाहीत, म्हणून पुढचं सगळं अडलंय. लसाविची शंभर उदाहरणं घालून उपयोग नाही. दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या घेऊन, एकीचे दोन भाग, दुसरीचे आठ भाग करून १/२ आणि ४/८ एकाखाली एक ठेवायला द्यावे लागतील. गुणांच्या आकड्यातून हे कधीच कळलं नसतं.

चाचणीही त्याच हिशोबाने काढायची. तीन उदाहरणं समच्छेद, तीन पटीतल्या छेदांची, तीन सामाईक अवयव नसलेल्या छेदांची आणि एक शाब्दिक. निकाल एका आकड्यात लिहायचा नाही, प्रत्येक गटाचा वेगळा लिहायचा. काम वाढतं का? थोडं वाढतं. पण कोणाला काय परत शिकवायचं ते तिथल्या तिथे समजतं.

फेरचाचणीत सगळ्यात जास्त घोळ होतो. तेच आकडे ठेवून, त्याच दिवशी, मध्ये काही न शिकवता परत पेपर द्यायचा, याला फेरचाचणी म्हणत नाहीत. मुलाला उत्तरं आठवतात, बेरीज येत नाही. आधी चूक कुठे झाली ते मुलाने स्वतः लिहायचं, मग त्याच प्रकारची चार-पाच उदाहरणं सोडवायची, मधे दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे आणि नवे आकडे. आणि दोनेक आठवड्यांनी, दुसरा घटक चालू असताना, एक उदाहरण हळूच परत घालायचं. तेव्हाही जमलं तर ते आलं.

'असं केलं तर मुलं पहिल्या चाचणीला अभ्यासच करणार नाहीत', हे दर वेळी ऐकावं लागतं. काही करणार नाहीत, खरंय. पण फेरचाचणीआधी चुका लिहून सराव करावा लागतो म्हटल्यावर पहिल्यांदाच नीट करणं स्वस्त पडतं, हे मुलांना लवकर उमगतं.

श्रेणी देताना अलीकडचे दोन-तीन पुरावे बघा आणि त्यांतला निदान एक वेगळ्या प्रकारचा असू द्या: तोंडी समजावणं, फळ्यावर सोडवणं, काहीही. नुसता शेवटचा गुण उचलणंही चूकच, कारण एखादा दिवस नशिबाचा असतो. पातळ्या ठरवून झाल्यावर त्यांना परत ४ म्हणजे १००, ३ म्हणजे ७५ असं करून सरासरी काढणारे तर आणखी धन्य! म्हणजे एवढी मेहनत करून परत होतो तिथेच.

वह्यांवरचे शेरेही असेच. 'छान', 'आणखी प्रयत्न हवेत'. यातून मुलाने करायचं काय? 'छेद सारखा केलास, अंशाला गुणायचं राहिलं' असं लिहा, ते मूल तिथेच बसून दुरुस्त करतं. आणि जमलं तर आज शेरा द्या, गुण उद्या. गुण दिसले की शेरा कोणी वाचत नाही.

चिडून लिहिलंय, पण शिक्षकांवर राग नाही माझा. साठ मुलांचा वर्ग, वर माहिती भरायचा तगादा आणि प्रणालीत सरासरीचं सूत्र आधीच बसवलेलं, एकट्या शिक्षकाने लढायचं कुठे कुठे? दक्षिण आफ्रिकेत हेच झालं. १९९८ पासून तिथल्या शाळांत निष्पत्तीवर आधारित अभ्यासक्रम आला, ६६ विशिष्ट निष्पत्ती, बोजड परिभाषा, अपुरं प्रशिक्षण, पुस्तकांची टंचाई. दोन वर्षांत फेरआढावा घ्यावा लागला आणि २०१२ पासून नवा अभ्यासक्रम आणला गेला. निष्पत्ती वाईट म्हणून ते कोसळलं असं मला वाटत नाही, शिक्षकाच्या हाती कागद दिले आणि वेळ दिला नाही म्हणून कोसळलं. आणि हो, कविता वाचून मुलाच्या आत काय हललं ते कुठल्याच निष्पत्तीत बसत नाही, तिथे मोजायला जाऊच नये.

पण अपूर्णांकांची बेरीज बसते! तिथे कारणं सांगू नका. ज्यांच्या हातात या आठवड्यात निकालपत्रकं आहेत त्यांनी एवढं करा. सरासरीचा रकाना झाका, प्रत्येक मुलाच्या शेवटच्या दोन पत्रिका काढा आणि ज्यांची श्रेणी त्या पत्रिकांशी जुळत नाही त्यांची नावं बाजूला लिहा. शून्य असेल तिथे तो उदाहरणं न येण्याचा आहे की काम न देण्याचा ते लिहा. न देण्याचा असेल तर काम आता करून घ्या, वर्गात, समोर बसवून.

आणि पालकांनो, शाळेत गेलात की किती टक्के ते विचारू नका, ते कागदावर छापलेलंच असतं. 'कुठल्या प्रकारची उदाहरणं येत नाहीत आणि ती परत कधी शिकवणार?' एवढंच विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर शेवटची उत्तरपत्रिका बघायला मागा, चुका स्वतः वाचा आणि एकच चूक परत परत दिसली तर त्यावर बोट ठेवून शिक्षकांना दाखवा.