शिकवलं की विरोध मावळतो?

‘डिजिटल सेवांना विरोध करतात ते तंत्रज्ञान न कळणारे लोक. त्यांना शिकवा, विरोध आपोआप मावळेल.’ हे विधान इतक्यांदा ऐकवलं गेलंय की आता ते कुणी तपासतही नाही.

‘विरोध अज्ञानातून येतो.’ नेदरलँड्समध्ये मतदान यंत्रांविरुद्ध उभे राहिले ते संगणकात मुरलेले लोक. यंत्रातली चिप बदलून निकाल कसा फिरवता येतो, हे त्यांनी २००६ मध्ये टीव्हीवर दाखवलं. २००८ मध्ये तो देश कागद-पेन्सिलीवर परतला. त्यांना इतरांपेक्षा जास्त कळत होतं, म्हणूनच ते अडून बसले.

‘शिकवलं की स्वीकार वाढतो.’ हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. तंत्रज्ञानाच्या वापराचे अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलं होतं की नवं तंत्रज्ञान उपयोगाचं वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का, यावर माणसाचा कल ठरतो. शिकल्याने वापर सोपा होतो, हे मान्य. पण सेवाच कामाची नसेल तर प्रशिक्षण काय करणार? शिवाय शिकलेल्या माणसाच्या तक्रारीचा रोखच बदलतो. फॉर्ममधलं ‘पुढे’चं बटण दबत नसेल तर नवखा म्हणतो, ‘मला जमत नाही.’ जाणकार म्हणतो, ‘कोणता रकाना चुकला ते या फॉर्मने सांगायला नको?’ टॉर्चचं ॲप फोनमधले सगळे नंबर बघायला मागतं, तेव्हा नवखा परवानगी देऊन मोकळा होतो. जाणकार ‘कशाला?’ म्हणून थांबतो. वरवर पाहणारा या दुसऱ्याला विरोधक ठरवेल. मी त्यालाच साक्षर म्हणेन.

मग स्वीकार वाढतो कशाने? एस्टोनिया या युरोपातल्या देशात आपली सरकारी नोंद कोणी उघडून पाहिली, हे नागरिकाला तपासता येतं. २०१७ मध्ये तिथल्या सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष आढळला, तेव्हा सरकारने तो लपवला नाही, जाहीर केला. तिथेच २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं इंटरनेटवरून पडली. एवढा विश्वास नुसत्या प्रशिक्षण शिबिरांतून मिळत नाही.

‘तरुणांना सगळं येतंच.’ २०१८ मध्ये अनेक देशांतल्या आठवीच्या मुलांची संगणक-साक्षरता तपासली गेली. सर्वांत वरच्या पातळीवर पोचली फक्त २ टक्के.

शिबिरं जरूर घ्या. पण परवानगी नाकारायची कशी आणि तक्रार नोंदवायची कुठे, हेही पहिल्याच दिवशी शिकवा.