मे महिन्यात इंटेल का एएमडी?

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या ठेल्यावर तर्री-पोहे संपले, वाद संपला नाही. सुम्या लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. त्याला नवा पीसी असेंबल करायचा आहे, प्रोसेसर इंटेलचा घ्यायचा का एएमडीचा ते ठरत नाही, अन् कट्ट्यावर सल्ला फुकट मिळतो.

"डोकं काऊन लावून राहिला बे? एएमडीचा रायझन ७८००एक्सथ्रीडी घे," पंक्या सुरू झाला. "९६ एमबी एल३ कॅशे. गेममध्ये इंटेलचा १४९००के पण मागं पडते. वीज निम्मी बी नाही खात."

"खरं आहे. पण सुम्या गेम खेळते कधी?" मी म्हटलं.

कॅशे म्हणजे चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी. तिचा फायदा गेमला होतो, कारण गेमला इकडचा-तिकडचा डेटा सारखा लागतो आणि दरवेळी रॅमपर्यंतची चक्कर वाचते. रेंडरिंगला, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार करून काढायला, मात्र कोअर पाहिजेत, म्हणजे एकाच वेळी काम करणारे जास्त हात. रायझनमध्ये ८ आहेत, १४९००केमध्ये २४.

"त्यातले १६ चिल्लर!" पंक्या.

चिल्लर, म्हणजे कमी ताकदीचे, असले तरी सगळे मिळून सिनेबेंच या रेंडरिंगच्या चाचणीत जवळपास दुप्पट स्कोअर काढतात. आणि पंक्या मोबाइलवर जे आलेख दाखवून राहिला होता, ते १०८०पी या कमी रिझोल्युशनचे, सगळ्यात महागड्या ग्राफिक्स कार्डावरचे. कार्ड आड येऊ नये म्हणून मुद्दाम तसंच तपासतात. त्याच्या स्वतःच्या मधल्या कार्डावर ४केमध्ये खेळलं, तर भार कार्डावरच पडून दोन्ही प्रोसेसर सारखेच वाटतील. हे त्याला पटलं नाही. पटणारही नाही.

देवाभाऊंनी मग आमच्या गावाचा मुद्दा काढला. "१४९००के २५३ वॅटपर्यंत जाते. एसीतल्या खोलीत ठीक आहे. सुम्याच्या खोलीत मे महिन्यात काय होईन?"

खोली १५ अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच वर जाते. १०० अंशांना टेकली की ती स्वतःच वेग कमी करते. म्हणजे पैसे दिले ते स्कोअर डिसेंबरात मिळतील. यावर उपाय आहे: बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, विजेची मर्यादा १२५ वॅटवर आणायची. वॅट निम्मे होतात, वेग निम्मा होत नाही. नागपुरात तरी मी हे सेटिंग आधी करीन, विंडोज नंतर टाकीन.

"अन् ते क्रॅश होणारे इंटेल?" पंक्याचा शेवटचा पत्ता. चुकीचा नाही. १३व्या-१४व्या पिढीच्या चिपना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं. २०२४मध्ये इंटेलला बायोसमधून येणारा मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतला प्रोग्राम, बदलावा लागला, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवावी लागली. शिवाय त्या सॉकेटवर, म्हणजे बोर्डावर चिप बसते त्या जागेवर, पुढची पिढी येत नाही. एएमडीच्या एएम५ सॉकेटचा बोर्ड घेतला तर नंतर फक्त प्रोसेसर बदलता येतो.

तरी माझं मत इंटेलकडेच. सुम्याचा कॅमेरा १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी या, रंग जास्त साठवणाऱ्या अन् उलगडायला जड असलेल्या फॉरमॅटमध्ये शूट करतो. हे फुटेज इंटेलच्या चिपमधलं ग्राफिक्स हार्डवेअरवर उलगडतं, म्हणून टाइमलाइन अडकत नाही. ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाने ही सोय ५० सीरिजच्या कार्डांत, २०२५ साली दिली. सुम्या जुनंच कार्ड लावणार आहे. त्याला १४७००के पुरे, २० कोअरचा.

त्यानं कोटेशन काढलं. त्यात १४७००केएफ. 'एफ' म्हणजे आतलं ग्राफिक्सच बंद! ज्यासाठी घ्यायचा, तेच नाही.

सुम्यानं तिथूनच दुकानात फोन लावला. "भाऊ, एफवाला नको, साधा के द्या. अन् बोर्डाचं बायोस नवं टाकून द्याल ना?"

"कॅशे किती आहे विचार त्यात," पंक्या मागून ओरडला.