रिडेव्हलपमेंट : वापराची योग्य रीत

मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतीत आपले घर असेल, तर ‘रिडेव्हलपमेंट’, म्हणजे जुनी इमारत पाडून बिल्डरकडून नवी बांधून घेणे, हा शब्द सदैव जिभेवर तयार ठेवावा. त्याचा पहिला आणि सर्वांत गुणकारी उपयोग दुरुस्ती टाळण्यासाठी होतो. गच्ची गळते, टाकीला तडा गेला आहे, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच विसावा घेते, अशी तक्रार घेऊन कोणी आलेच, तर सेक्रेटरींनी शांतपणे म्हणावे, “आता कशाला खर्च करायचा? बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे.” हे वाक्य पंधरा वर्षेही सहज पुरते. दरम्यान स्वयंपाकघरातल्या छताचा गिलावा थेट कढईत पडला आणि वर गंजून फुगलेली सळई दिसू लागली, तरी गवंड्याला बोलावू नये. ताडपत्री बांधावी, खाली बादली ठेवावी आणि गळतीचे फोटो काढून ठेवावेत, कारण तेच पुढे फाइलला जोडायचे असतात.

तीस वर्षांवरील इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्यानेच सक्तीचे केले आहे. त्याच्या अहवालात इमारत ‘सी-१’, म्हणजे अतिधोकादायक आणि पाडण्यायोग्य, ठरली, तर घाबरून न जाता पेढे वाटावेत. आपण राहतो ते घर कोसळू शकते, ही बातमी अभिनंदनासह स्वीकारणारी दुसरी जमात पृथ्वीवर बहुधा नसावी.

बिल्डर निवडण्याच्या सभेच्या बाबतीत ४ जुलै २०१९ च्या सरकारी निर्णयाने बरीच कटकट करून ठेवली आहे : दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती, शिवाय चित्रीकरण. तरीही खरी चर्चा जादा कार्पेट एरियाचीच, म्हणजे घरातल्या वापराच्या जागेचीच, करावी. शेजारच्या सोसायटीला किती मिळाला, कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, किती, दुसऱ्या गाडीला पार्किंग मिळणार का, यावर मध्यरात्रीपर्यंत घसा कोरडा करावा. विकासकाची बँक हमी, आराखड्याला मिळालेली मंजुरी किंवा भाडे थकल्यास करायचे काय, असले अपशकुनी प्रश्न विचारणाऱ्याला मात्र ‘विकासविरोधी’ म्हणून खाली बसवावे. त्याने गोरेगावच्या पत्राचाळीचे नाव काढले आणि तिथल्या ६७२ कुटुंबांच्या पुनर्वसनाचा करार २००८ मध्ये झाला, पुढे भाडेही थांबले आणि घरांची वाट पाहण्यात अनेकांचे आयुष्य सरले, असे सांगितले, तर “आपला बिल्डर तसा नाही” एवढे उत्तर पुरेसे होते. ते प्रत्येक सोसायटीत दिले जाते आणि प्रत्येक ठिकाणी तितक्याच आत्मविश्वासाने दिले जाते.

घर रिकामे करून भाड्याच्या खोलीत गेल्यावर नातेवाईक विचारतील, नवे घर कधी? तेव्हा “दिवाळीत गृहप्रवेश” असे प्रसन्न चेहऱ्याने सांगावे. वर्ष सांगण्याची घाई करू नये.