बुडलेल्या भातात युरिया फेकायचा मेसेज आलाय ना? गोणी उघडू नका अजून

जुलैत सावित्री-वाशिष्ठीचं पाणी खाचरांत शिरलं की तो मेसेज ग्रुपवर फिरायला लागतो, यंदाही आलाच. म्हणणं थोडक्यात असं: भात पाण्याचंच पीक, बुडून मरत नाही, पाणी असतानाच एकरी एक गोणी युरिया फेका, तीन दिवसांत हिरवंगार, आणि पुढच्या वेळी तरव्यालाच (रोपं वाढवतो त्या वाफ्याला) युरिया जास्त द्या म्हणजे रोप उंच होऊन पाण्याच्या वर राहील. खाली "शेतकरी हितार्थ शेअर करा" आहेच.

पहिलं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात. भाताच्या पानात, खोडात, मुळात हवेच्या पोकळ्या असतात, वरची हवा त्यातून खाली जाते म्हणून भात घोटाभर पाण्यात मजेत उभा राहतो. पण शेंडाच पाण्याखाली गेला की तो रस्ता बंद, पाण्यातून हवा जवळपास दहा हजार पट हळू सरकते, त्यात पुराचं पाणी गढूळ, उजेड नाही, मग झाड खोडात साठवलेलं खात बसतं आणि ते संपलं की सडायला लागतं. साधी जात आठवड्याच्या पुढे सहसा टिकत नाही.

आता ते उंच रोपाचं. महिनोन् महिने पाणी राहतं तिथल्या खोल पाण्यातल्या जाती उंच वाढून वाचतात, मान्य. पण आपल्याकडे पूर येतो आणि काही दिवसांत उतरतो. एवढ्यासाठी झाडाने सगळी साठवण उंचीवर उडवली तर पाणी उतरल्यावर ते आडवंच पडणार. २००९ साली भारतात आलेली स्वर्णा-सब१ ही भाताची जात दोन आठवडे बुडून वाचते ती नेमकं उलट करून, म्हणजे बुडल्यावर वाढ थांबवते आणि साठवण जपते. (हा गुण आला ओडिशाच्या एका जुन्या जातीतून.) तरव्याला युरिया जास्त झाला की रोप लुसलुशीत होतं, साठवण कमी, आणि अशीच रोपं पुरात आधी जातात. तरव्याला खरंच काही द्यायचंय तर स्फुरद (फॉस्फरस) वेळेवर द्या आणि भाताच्या तुसाची राख मिसळा. चारसूत्री, म्हणजे चार नियमांच्या सुधारित भात लागवडीतलं पहिलंच सूत्र आहे ही राख, तिच्यातून सिलिका आणि पालाश (पोटॅश) मिळतो, रोप कणखर होतं. फुकटात मिळते म्हणून राखेला कोणी विचारत नाही एवढंच!

आणि पाण्यात युरिया. बुडलेली पानं खत घ्यायच्या अवस्थेतच नसतात. वाहतं पाणी असेल तर गोणी सरळ खाडीला, साचलेलं असेल तर शेवाळ माजतं, त्याने दिवसा पाण्याचा सामू (पीएच) वाढतो आणि युरियातलं नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन हवेत जातं. उरलंसुरलं पिकाला मिळालंच तर कोवळ्या पानांवर कडा करपा रोग यायला सोय. ज्यांनी लावणीला ब्रिकेट (खताच्या दाबलेल्या गोळ्या) खोल खोचल्यात त्यांचं खत चिखलात बऱ्यापैकी शाबूत असतं, त्यांनी तर वरून लगेच काही टाकायची गरजच नाही.

मग करायचं काय? पाणी उतरलं की आधी बांधाचं तोंड मोकळं करून साचलेलं काढा, पण शेत कोरडं पडू देऊ नका, बुडून आलेली पानं कडक उन्हात झटक्यात माना टाकतात. पानं पिवळी दिसली म्हणून घाबरून नांगर फिरवू नका. रोपांचे दोन-चार चूड (झुबके) उपटा, बुडखा नखाने चिरा: आत पांढरा, घट्ट असेल तर जिवंत आहे, बोटात चिखलासारखा दबला आणि वास आला तर गेला. जिवंत असेल तर आठवडाभरात मधून नवीन पान निघतं. ते दिसल्यावर युरियाचा राहिलेला हप्ता द्या, सोबत पालाश, तोही थोडा थोडा करून. चिखलात उतरता येत नसेल तर दहा लिटरला २०० ग्रॅम युरिया घालून फवारा, पण पानावरचा गाळ आधी धुतला गेला पाहिजे.

हे सगळं फुटव्यांच्या वेळचं. पोटरीत (कणीस बाहेर पडायच्या आधी) किंवा फुलोऱ्यात असताना भात चार-पाच दिवस पूर्ण बुडला असेल तर कुठलंच खत दाणा भरून देणार नाही, तिथे खताचे पैसे वाचवा आणि पंचनाम्यासाठी तलाठ्याला गाठा.