२५२० : रामानुजन यांच्या नावावर खपवलेली संख्या

व्हॉट्सअ‍ॅपवर अनेक वर्षे फिरणाऱ्या एका मजकुरानुसार, १ ते १० या सर्व संख्यांनी निःशेष भाग जाणारी २५२० ही जगातील एकमेव संख्या आहे, ती श्रीनिवास रामानुजन यांनी शोधली आणि आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० दिवस व वर्षाचे १२ महिने यांचा गुणाकार हे तिचे रहस्य आहे. ती पिरॅमिडवर कोरलेली आहे, अशी पुस्तीही कोणी जोडतात. यातील आकडेमोड तेवढी बिनचूक आहे.

‘एकमेव’ हा दावा शाळेतल्या लसाविपुढेही टिकत नाही. १ ते १० चे मूळ अवयव पाडले, तर ८ साठी २ तीनदा, ९ साठी ३ दोनदा आणि ५ व ७ एकेकदा घ्यावे लागतात. बाकीच्या संख्यांचे काम त्यातच भागते. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. या लसाविच्या प्रत्येक पटीत, म्हणजे ५०४०, ७५६०, १००८० अशा अनंत संख्यांत, तोच गुण असतो आणि २५२० ही त्यांतील केवळ सर्वांत लहान. तिला ११ ने गुणून येणाऱ्या २७७२० ला तर १ ते १२ या सर्वांनी भाग जातो.

७ × ३० × १२ हा गुणाकार जुळतो, कारण ३० आणि १२ मध्ये हेच अवयव विखुरलेले आहेत. पण ३५ × ७२ देखील तितकाच जुळतो, आणि दिवसांना दिवसांनी गुणून काय हाती लागते हे मजकूर सांगत नाही. (१ ते १० चा गुणाकार ३६,२८,८००, म्हणजे बरोबर सहा आठवड्यांचे सेकंद; पुढच्या फॉरवर्डची ही सोय.) पिरॅमिड कोणता, दगड कोणता, याचा पत्ताच नाही. शिवाय प्राचीन इजिप्तच्या लिपीत २५२० लिहायला नऊ खुणा पुरत. ती संख्या कोठे सापडली, तरी लिहिणाऱ्याला तिचे विभाजक ठाऊक होते असे ठरत नाही.

राहिला शोधाचा प्रश्न. दिलेल्या भाजकांनी भाग जाणारी लहानात लहान संख्या काढण्याची रीत ग्रीक गणिती युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास, आपल्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या सातव्या खंडात दिली आहे. रामानुजन यांचे काम याहून कितीतरी खोल आहे. स्वतःहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यातील यादी ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत, म्हणजे सुमारे पावणेसात लाख कोटींपर्यंत जाते आणि तीत २,९३,३१,८६,२५,६०० ही एकच संख्या निसटली आहे. ४८ विभाजक असलेली २५२० या यादीतील सुरुवातीच्या संख्यांपैकी एक आहे. तिचे खरे वेगळेपणही याच कुळात दिसते: आपल्यापुढच्या, कुळातील प्रत्येक संख्येला निःशेष भागणाऱ्या संख्या १, २, ६, १२, ६० आणि २५२० एवढ्याच आहेत, आणि त्यांतील २५२० ही शेवटची.