पॅलेट क्लॅम्पच्या अलार्मला जंपर हे उत्तर नाही

मशीन मेंटेनन्स करणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला बराच फिरतो आहे. माझ्याकडेही तो तिघाचौघांकडून आला. तो एचएमसीबद्दल, म्हणजे आडव्या स्पिंडलच्या मशीनिंग सेंटरबद्दल आहे. तिथे जॉब ज्या पाटावर बांधतात ते पॅलेट, आणि मशीनमध्ये त्याला घट्ट धरतो तो क्लॅम्प. मजकूर साधारण असा: "एचएमसीवर पॅलेट क्लॅम्पचा अलार्म आला की बहुतेक वेळा सेन्सरच खराब असतो. सेन्सरला जंपर टाका, हायड्रॉलिकचं प्रेशर थोडं वाढवा आणि मशीन चालू करा. क्लॅम्पचा दिवा लागला म्हणजे पॅलेट नीट बसलं. टेबल क्लॅम्पच्या अलार्मलाही हाच इलाज." रात्रपाळीत एकट्या पडलेल्या माणसाला असा सल्ला आधाराचा वाटतो, हे मी समजू शकतो. पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही, आणि जंपरचं, म्हणजे वायर जोडून सेन्सरला बगल देण्याचं, वाक्य तर जिवावर बेतणारं आहे.

"बहुतेक वेळा सेन्सरच खराब असतो."

क्लॅम्पची आज्ञा सुटली, वाल्व्ह हलवणाऱ्या सोलेनॉइडला व्होल्टेज गेलं, लॅडरमधला (कंट्रोलच्या लॉजिक प्रोग्राममधला) टायमर सुरू झाला आणि टायमर संपेपर्यंत 'क्लॅम्प झाला' हा सिग्नल पोहोचला नाही, तर अलार्म येतो. कंट्रोलला कळतं ते एवढंच. सिग्नल का पोहोचला नाही, हे ते सांगत नाही, ते आपल्याला शोधावं लागतं. वाल्व्हचा स्पूल अडकला असेल, तेल थंड आणि घट्ट असेल, फिल्टर तुंबला असेल, पिस्टनचं सील गळत असेल, किंवा कोनाखाली (पॅलेट ज्यावर बसतं त्या शंकूसारख्या टेकूखाली) चिप, म्हणजे धातूचा कीस, आल्यामुळे पिस्टनचा स्ट्रोक पुरा होत नसेल. या प्रत्येक वेळी सेन्सर खरंच बोलत असतो.

पाना हातात घेण्याआधी डायग्नोस्टिकचं पान उघडा. क्लॅम्प आणि अनक्लॅम्प, दोन्ही इनपुट बघा. दोन्ही शून्य असतील तर यंत्रणा मध्येच कुठेतरी अडकली आहे, किंवा दोन्ही सेन्सरची सामायिक सप्लाय गेली आहे. दोन्ही एक असतील तर वायर शॉर्ट आहे किंवा एखाद्या प्रॉक्झिमिटीच्या (धातू जवळ आला की ओळखणाऱ्या सेन्सरच्या) तोंडावर लोखंडी चिप चिकटली आहे. प्रॉक्झिमिटीचा दिवा लागतो पण इनपुट शून्यच राहतं, असं असेल तर दोष केबल, कनेक्टर किंवा सिग्नलची ने-आण करणाऱ्या आय-ओ कार्डात शोधायचा. दिवाच लागत नसेल तर मशीन सुरक्षित अवस्थेत ठेवून त्याच्यासमोर स्टीलचा तुकडा धरा. दिवा लागला तर सेन्सर जिवंत आहे. बिघडलंय ते डॉगपासूनचं (सेन्सरसमोर येणाऱ्या धातूच्या तुकड्यापासूनचं) अंतर किंवा पिस्टनचा स्ट्रोक. तुकडा स्टीलचाच घ्या, कारण ॲल्युमिनियमला प्रॉक्झिमिटी बऱ्याच कमी अंतरावर ओळखते आणि चांगला सेन्सर उगाच खराब ठरतो.

अलार्म कधी येतो हेही ऑपरेटरला विचारा. सकाळी पहिल्याच पॅलेटला येतो आणि मशीन तापलं की जातो, तर घट्ट तेलाकडे बघा. उलट दोन-तीन तास चालल्यावर येतो, तर तेल पातळ झाल्यावर कुठून गळतंय ते बघा. या एका प्रश्नाने माझे कितीतरी तास वाचले आहेत.

"सेन्सरला जंपर टाका."

जंपर टाकला की कंट्रोलच्या दृष्टीने पॅलेट कायम क्लॅम्प झालेलं असतं. प्रत्यक्षात पॅलेट सैल असलं तरी स्पिंडल फिरणार, कटर जॉबमध्ये घुसणार. फिक्स्चर आणि जॉबसकट कित्येकशे किलोंचं वजन कटरच्या धक्क्याने कोनावरून उचललं गेलं, तर मोडतो तो फक्त कटर नाही. आणि ज्या मशीनवर अनक्लॅम्पच्या सिग्नललाही जंपर टाकतात, तिथे पॅलेट बदलणाऱ्या चेंजरचा हात क्लॅम्प असलेलं पॅलेट ओढायला जातो. 'आजची पाळी निभावू, उद्या काढू' म्हणून टाकलेली वायर पॅनलमध्ये वर्षानुवर्षं राहते. पुढच्या माणसाला ती आहे हे माहीतही नसतं.

"प्रेशर थोडं वाढवा."

आधी आपल्या मशीनचा क्लॅम्प कशावर चालतो ते हायड्रॉलिक सर्किटमध्ये बघा. अनेक मशीनवर पॅलेट डिस्क स्प्रिंगने धरलेलं असतं आणि तेलाचं काम फक्त ते सोडवणं असतं. तिथे प्रेशर वाढवून पकड तसूभरही वाढत नाही. एखादी डिस्क तुटली असेल तर ती तुटलेलीच राहते. अशा यंत्रणेत क्लॅम्प होताना तेल टाकीत परत जावं लागतं, त्यामुळे परतीची वाट तुंबली की क्लॅम्प संथ होतो आणि टायमर आधी संपतो. प्रेशर वाढवणाऱ्याचं लक्ष या बाजूला जातच नाही.

तेलानेच क्लॅम्प होणाऱ्या मशीनवर प्रेशरने पकड वाढते, हे खरं. 50 मिमी व्यासाच्या पिस्टनवर 50 बार प्रेशर असेल तर ओढ सुमारे 9.8 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 1000 किलो. आता कोनाखाली चिप आहे आणि तुम्ही प्रेशर वाढवलं, तर ती चिप त्या ताकदीने बैठकीत रुतते. अलार्म जातो, पण घासून तयार केलेल्या पृष्ठभागावर कायमचा खड्डा पडतो. गेज बघायचंच असेल तर क्लॅम्प होत असताना बघा. मशीन उभं असताना ते बरोबरच दाखवतं. काटा हालचालीच्या वेळी किती खाली जातो आणि परत यायला किती वेळ घेतो, उत्तर त्यात असतं.

"दिवा लागला म्हणजे पॅलेट बसलं."

या वाक्याने सगळ्यात जास्त जॉब वाया घालवले असतील. क्लॅम्पचा सिग्नल पिस्टन कुठे आहे किंवा लाइनमध्ये प्रेशर आहे का, एवढंच सांगतो. पॅलेट चारही कोनांवर टेकलंय का, हे वेगळं तपासावं लागतं. समजा एका बाजूच्या कोनांखाली 0.05 मिमीची चिप आहे आणि दोन्ही बाजूंच्या कोनांमध्ये 400 मिमी अंतर आहे. मग बैठकीपासून 500 मिमी उंचीवरचं बोअर 0.06 मिमीहून जास्त सरकतं. दिवा मात्र हिरवाच.

काही मशीनवर यासाठी हवेची तपासणी असते: बैठकीतल्या बारीक छिद्रातून हवा सोडतात, पॅलेट टेकलं की छिद्र झाकलं जातं आणि हवेचं प्रेशर चढतं. इथे एक गोष्ट मनात पक्की ठेवा. होज गळत असेल तर पॅलेट बसूनही 'बसलं नाही' असा अलार्म येईल. त्याचा त्रास होतो, पण धोका नाही. छिद्र मात्र कूलंटच्या चिखलाने बुजलं असेल तर पॅलेट अधांतरी असतानाही प्रेशर चढलेलं दिसेल आणि मशीन 'बसलं' म्हणेल. म्हणून पॅलेट बाहेर असताना प्रत्येक छिद्रातून हवा येते का, हे हाताने बघा. हात घालण्याआधी मशीन लॉक करा आणि ॲक्युम्युलेटरमधलं (दाबाखाली तेल साठवणाऱ्या टाकीतलं) प्रेशर उतरवा. पंप बंद केला तरी ते शिल्लक असतं.

बैठकीची खरी परीक्षा डायल गेज घेतं. तेच पॅलेट पाच-सात वेळा बदला आणि दरवेळी त्याच बिंदूवर काटा वाचा. एखादंच वाचन वेगळं आलं तर संशय चिपेवर. एकच पॅलेट सातत्याने वेगळं येत असेल तर त्या पॅलेटच्या खालची बाजू बघा. सगळीच पॅलेट बिघडलेली असतील तर दोष मशीनच्या कोनांत.

"टेबल क्लॅम्पलाही हाच इलाज."

नाही. रोटरी टेबलचा क्लॅम्प पॅलेटला खाली ओढत नाही, तो टेबलचं फिरणं रोखतो. पूर्ण चौथ्या अक्षाच्या टेबलवर ब्रेक सुटला नाही तर फिरवताना सर्व्होचा लोड चढतो आणि अलार्म ओव्हरलोडचा किंवा पोझिशन एररचा येतो, मग लोक मोटर बदलायला निघतात. दात असलेल्या इंडेक्स टेबलवर दातांत चिप अडकली की टेबल पूर्ण खाली बसत नाही. तिथे आधी टेबल उचलून दात धुवायचे.

सेन्सर कधीच जात नाही, असं मी म्हणत नाही. कनेक्टरमध्ये कूलंट शिरतं, सतत वाकणारी केबल आतून तुटते. तसं सिद्ध झालं तर सेन्सर जरूर बदला आणि अंतर मॅन्युअलप्रमाणे लावा. नंतर स्पिंडल बंद आणि मशीन मॅन्युअल मोडवर असताना क्लॅम्प सेन्सरचा कनेक्टर मुद्दाम काढून बघा. अलार्म यायलाच हवा. आला नाही, तर आधीच्या कुणीतरी टाकलेला जंपर अजून पॅनलमध्ये आहे. तो सापडेपर्यंत मशीन पाळीला देऊ नका.