‘नवशिक्यांची फॅशन’: पाइनफोनच्या बॅरोमीटरवर आलेल्या एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक अनुभवी अभियंता’ यांस,

नमस्कार. पाइनफोनला बॅरोमीटर जोडण्यावरचा माझा लेख आपण वाचलात आणि वेळ काढून प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. उत्तर लांबलं, म्हणून वेगळं टाकतो आहे.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. पाइनफोन हा पाइन६४ कंपनीचा, लिनक्सवर चालणारा फोन. मी त्याच्या पाठीवरच्या पोगो पिनांना (बाहेरची उपकरणं जोडायच्या धातूच्या टोकांना) बीएमपी२८० हा हवेचा दाब मोजणारा सेन्सर जोडला, एवढाच तो लेख. त्यावर आपलं म्हणणं असं: बॅरोमीटर हवा असेल तर तो असलेला तयार फोन घ्यावा. पोगो पिनांशी असले प्रयोग धोक्याचे. सेन्सरचं तापमान फोनच्या गरमीमुळे चुकीचं येतं. फोटोत वायरींचे रंग कळत नाहीत. आणि शेवटचं वाक्य, जसंच्या तसं: “नवशिक्यांनी नेटवर वाचून सेन्सर चिकटवायचा आणि मोजमाप केल्याचा आव आणायचा, ही हल्ली फॅशन झाली आहे.”

फोटोंचं मान्य. ते रात्री ट्यूबलाइटखाली काढले होते, त्यात लाल आणि नारिंगी वायर एकसारखीच दिसते. दिवसाउजेडी काढलेला फोटो आता लेखात लावला आहे.

आता ते शेवटचं वाक्य. मुद्दा पटला नाही तर तसं सांगावं, खोडून काढावा, माझी काही हरकत नाही. पण समोरचा माणूस कोण, काय करून आला आहे, याची चौकशी न करता त्याला नवशिका ठरवून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत? आणि तेही स्वतः टोपणनावाआड राहून! लेख फोनबद्दल होता, म्हणून मी त्यात स्वतःबद्दल काही लिहिलं नव्हतं. तुम्ही विषय काढलाच आहे, तर ऐका.

आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड करून मी भोसरीच्या एका कारखान्यात लागलो आणि नोकरीची बहुतेक वर्षं कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मोजमापाची उपकरणं तपासायच्या, खोलीत काढली. डेडवेट टेस्टर, म्हणजे ठरावीक वजनांनी नेमका दाब तयार करून दाबाचे गेज तपासायचं यंत्र, तुम्ही अभियंता म्हणून पाहिला असेलच. चालवला आहे का, ते मला माहीत नाही. गेज बसवायचा, पिस्टनवर वजनाची चकती ठेवायची, हातचाक फिरवून तेलाचा दाब वाढवायचा आणि पिस्टन तरंगायला लागला की वजनांना बोटाने हलकी गिरकी द्यायची. पिस्टन सिलिंडरला धरून राहिला तर तेवढ्या घर्षणाने आकडा खोटा येतो, म्हणून ती गिरकी. मग काचेवर टिचकी मारायची, काटा ठरला की वाचायचं. अशी वजनं चढवत न्यायची आणि तशीच उतरवत आणायची, कारण बोर्डन ट्यूब (गेजमधली काटा हलवणारी वाकडी नळी) चढताना दाखवेल तेच उतरताना दाखवेल, याची खात्री नाही. शून्यावर चोख बसलेला काटा मधल्या पट्ट्यात घसरलेला असतो, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की ‘नवा कोरा आहे, बरोबरच असणार’ हे मला कुणी सांगू नये.

बॉयलरवरून आलेल्या अशाच एका गेजच्या कार्डावर मी सही केली नव्हती. लाइन थांबली होती आणि साहेब दारात उभे होते. तरी केली नाही. त्या वर्षी पगारवाढीच्या यादीत माझं नाव खाली गेलं, ते का गेलं हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा मोजमापाचा आव कोण आणतंय, यावर माझ्याशी बोलताना जरा जपून बोला.

त्या खोलीतली सवय अंगवळणी पडली आहे: आकडा दिसला की तो आला कुठून, हे आधी शोधायचं. पाइनफोनला सेन्सर जोडला तो यासाठीच. बीएमपी२८० आपल्याला आयता दाब देत नाही. तो कच्चे आकडे देतो. प्रत्येक चिपमध्ये बनवतानाच १२ स्थिरांक भरून दिलेले असतात, ३ तापमानाचे आणि ९ दाबाचे. कच्च्या आकड्यांवर त्या स्थिरांकांचं गणित केलं की मग हेक्टोपास्कल, म्हणजे दाबाच्या एककातला आकडा, निघतो. हे गणित करणारा ड्रायव्हर (सेन्सर चालवणारा प्रोग्राम) लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, कुणालाही वाचता येईल असा पडलेला आहे. मी तो ओळ न् ओळ वाचला, माझ्या चिपचे स्थिरांक काढले, एक वाचन वहीत हाताने सोडवलं आणि फोन दाखवतो त्याच्याशी ताडून पाहिलं. जुळलं. नेटवर वाचून चिकटवलं, असं ज्याला म्हणता ते हे.

तयार फोन घ्या, म्हणता. २०११च्या गॅलेक्सी नेक्ससमध्ये बॅरोमीटर होता, २०१४ साली आयफोन ६मध्ये आला, हे मलाही माहीत आहे. त्या फोनांत अ‍ॅपला दाबाचा आकडा मिळतोच. पण सेन्सर आणि अ‍ॅप यांच्यामध्ये बहुतेक वेळा कंपनीचं बंद फर्मवेअर (आतला, बाहेरच्याला वाचता न येणारा प्रोग्राम) बसलेलं असतं. ते किती वाचनांची सरासरी काढतं, काय गाळून टाकतं, हे बघायची सोय नाही. पाइनफोनचे सर्किटचे आराखडे जाहीर आहेत, कव्हर नखाने उघडतं, आणि सेन्सर बिघडला तर तो काढून दुसरा लावणं माझ्या हातात आहे.

याचा फायदा पहिल्याच दिवशी झाला आणि लेखात तो लिहिलाही होता, तुम्ही त्यावर चकार शब्द काढला नाहीत. मी मागवलं होतं बीएमई२८०चं मॉड्यूल. त्याला आर्द्रताही कळते, म्हणून ते महाग. पिशवीवरही तेच छापलेलं. चिपमधलं ओळखीचं रजिस्टर (चिपने स्वतःचा ओळख-क्रमांक ठेवलेली जागा) वाचलं तर बीएमईला हेक्स ६० यायला हवं. आलं ५८, म्हणजे आत साधा बीएमपी२८०. दोघांच्या धातूच्या टोपणात फरक असतो, बीएमपीचं लांबट आणि बीएमईचं चौकोनी. भिंग लावून बघितल्यावर तेही पटलं. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत ते सोडा. पण लेखात आर्द्रतेचा एकही आकडा का नाही, याचं कारण हे. ज्याला नुसता आव आणायचा असतो, त्याने पिशवीवरचं नाव लेखात ठोकून दिलं असतं.

आणि तो आलेख? तो तरी पाहिलात का? पुण्यात, समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. माझ्या खिडकीत ठेवलेल्या फोनने तो दिवसभर नोंदवला. सकाळी १०च्या सुमारास रेष वर, दुपारी ४च्या सुमारास खाली, रात्री १०ला पुन्हा वर, पहाटे परत खाली. सूर्याच्या उष्णतेमुळे वातावरणाला येणारी ही भरती-ओहोटी आहे. उष्ण कटिबंधात ती ठळक दिसते आणि तिचा झोका असतो जेमतेम दोन-तीन हेक्टोपास्कलचा. डेटाशीटप्रमाणे या चिपची सापेक्ष अचूकता ०.१२ हेक्टोपास्कल, म्हणजे उंचीत साधारण एक मीटर. जिन्याने एक मजला चढलं की आकडा ०.३ने उतरतो, खाली आलं की परत चढतो. निरपेक्ष आकड्यात एक हेक्टोपास्कल इकडेतिकडे होऊ शकतो, हेही मी लिहिलं आहे. त्रुटी किती, ते सांगून दिलेल्या आकड्याला माझ्या खोलीत मोजमाप म्हणत. तुमच्याकडे काय म्हणतात, ते कळवा.

राहिले दोन मुद्दे. पोगो पिना पाइन६४ने जोडण्यासाठीच दिल्या आहेत. त्यांचं कीबोर्डचं कव्हर त्यांवरच चालतं, लोराचं (लांब पल्ल्याच्या रेडिओचं) कव्हरही. बॅटरीची पिन थेट चिपला लावू नये, कारण चिपची मर्यादा ३.६ व्होल्ट आणि भरलेली बॅटरी ४च्या वर. व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर असलेलंच मॉड्यूल घ्यावं, हे लेखात ठळक अक्षरांत आहे. ते वाचूनही ‘धोक्याचे’ म्हणायचं असेल तर म्हणा. तापमानाचं म्हणाल, तर त्याला मी हवेचं तापमान कुठेही म्हटलेलं नाही. ते चिपचं तापमान आहे आणि दाबाच्या गणिताला तेच लागतं.

तुमच्या तयार फोनात बॅरोमीटर असेल, तर एक करा. फोन एकाच जागी ठेवून सकाळी १० आणि दुपारी ४चं वाचन घ्या, गावाची उंची लिहा आणि इथे टाका. माझी त्याच दिवसाची वाचनं, कच्च्या आकड्यांसकट, मी शेजारी टाकतो. चूक माझी निघाली तर लेख दुरुस्त करीन. फक्त या खेपेला प्रतिक्रियेखाली स्वतःचं नाव लिहा.